मुलांची सुट्टी परकोट्याच्या आत

दसरा झाला की घरोघरी दिवाळीच्या सुट्टीचे बेत शिजू लागतात, आणि त्यांत जयपूरचं नाव निघालं की एक सल्ला हमखास कानावर येतो. मुलं बरोबर आहेत ना, मग गावात राहू नका. हायवेवर एखादं चांगलं रिसॉर्ट घ्या, पूल असलेलं. दिवसाची गाडी ठरवा, चार पॉइंट बघा आणि संध्याकाळी परत या. जुन्या शहरात नुसतं ऊन, धूळ आणि गर्दी. मुलं किरकिर करतील आणि तुमचीच सुट्टी वाया जाईल.

हा सल्ला नणंद देते, ऑफिसातला सहकारी देतो, सोसायटीच्या ग्रुपवर नुकतंच परतलेलं एखादं कुटुंब देतं, आणि ट्रॅव्हलवाला तर तो कोटेशनमध्येच घालून पाठवतो. सगळ्यांचा हेतू चांगला असतो. त्यामुळे तो तपासून बघावा असं कोणाच्या मनातही येत नाही. माझ्या मते हा सल्ला मुळातूनच चुकीचा आहे. त्याने मुलांचं ऊन टळत नाही, आईला विसावा मिळत नाही, आणि ज्या शहरासाठी हजाराहून जास्त किलोमीटरचा प्रवास केला ते शहर मुलांच्या वाट्याला येतच नाही.

सल्ला देणाऱ्यांचं म्हणणं आधी पुरतं मांडते. ते म्हणतात, लहान मुलांना ऊन सोसत नाही. जुन्या इमारतींतलं त्यांना काही कळत नाही, दोन दालनं पाहिली की ती कंटाळतात. बाजाराच्या गर्दीत मूल हरवण्याची भीती, रस्त्यावरच्या खाण्याची भीती. मुलांना काय हवं असतं, तर पाणी, झोपाळा आणि पिझ्झा. आणि सुट्टी आईचीही असते, तिला चार दिवस तयार ताट आणि शांत खोली मिळायला नको का? हे सगळं एका दमात ऐकलं की पटतं. एकेक करून बघितलं की पटेनासं होतं.

उन्हापासून सुरुवात करू, कारण सगळ्यांत जास्त धाक त्याचाच घातला जातो. मे-जूनमध्ये जयपूरचा पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत मुलांना तिथे नेऊ नका, एवढं मी बिनतक्रार मान्य करते. पण आपल्याकडचे लोक तिथे जातात ते भाऊबीज उरकल्यावर किंवा नाताळात. तेव्हा सकाळी अंगात स्वेटर लागतो, नाताळात तर रात्री पारा दहाच्याही खाली उतरतो. ऊन असतं ते साधारण अकरा ते साडेतीनचं. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो, की या चार-साडेचार तासांत मूल कुठे असेल?

रिसॉर्टच्या बेतात ते कुठे असतं ते पाहा. गाडीचा दर ठरलेला, आठ तास आणि ऐंशी किलोमीटर. नाश्ता रिसॉर्टच्या पैशांत धरलेला, म्हणून तो सोडवत नाही. सगळ्यांच्या आंघोळी आणि पोहे-पराठे आटोपून गाडी निघते दहाला. वाटेत रहदारी. आमेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी पोचेपर्यंत अकरा वाजून गेलेले असतात. बाराच्या सुमाराला मूल किल्ल्याच्या उघड्या चौकात दगडी फरशीवर उभं असतं. जेवण दोनला, ड्रायव्हर नेईल त्या हॉटेलात. तीन वाजता जंतरमंतर, साडेचारला हवामहालासमोर गाडीतूनच फोटो, आणि सहाला गाडी परत, कारण आठ तास संपले. परतायला खोली पंधरा-वीस किलोमीटर लांब. मधे मूल दमलं, पोट बिघडलं, नुसती झोप आली, तर त्याला आडवं व्हायला गाडीच्या मागच्या सीटखेरीज जागा नाही. उन्हाच्या भीतीने गावाबाहेर राहिलेलं हे कुटुंब दिवसातलं सगळ्यांत कडक ऊन, एक मिनिटही न चुकवता, मुलांच्या डोक्यावर घेतं. मग संध्याकाळी मूल किरकिरलं तर दोष कोणाला? शहराला?

आता खोली परकोट्याच्या आत घ्या. परकोटा म्हणजे जयपूरचं तटबंदीतलं जुनं शहर. तिथले लोक आजही परकोट्याच्या आतलं आणि बाहेरचं अशीच भाषा करतात. आत जुन्या हवेल्यांतून काढलेली छोटी गेस्ट हाउसं आहेत, साधी हॉटेलं आहेत. सकाळी सात-साडेसातला चहा आणि मुलांचं दूध घेऊन बाहेर पडता येतं. त्या वेळी हवामहालाचा दर्शनी भाग उजळलेला असतो, कारण तो पूर्वेला तोंड करून उभा आहे. दुपारी तीच भिंत सावलीत जाते, आणि गाडीतल्या लोकांच्या फोटोत ती फिक्की येते ती त्यामुळेच. अकरा-साडेअकराला पायी किंवा ई-रिक्शाने खोलीवर परत. जेवण, झोप, पत्ते, चित्रं काढणं, काहीही. चारला पुन्हा बाहेर. तोवर उन्हाचा जोर उतरलेला असतो आणि बाजार भरू लागतो. मुलाचं दुपारचं ऊन खरोखर टळतं ते या बेतात. त्यासाठी लागते फक्त एक गोष्ट, खोली शहराच्या मधोमध असणं.

शिवाय या शहरात सावलीची सोय आहे. सवाई जयसिंगांनी १७२७ साली ते वसवलं, आखणीत विद्याधर भट्टाचार्य होते. पूर्वेच्या सूरजपोलपासून पश्चिमेच्या चांदपोलपर्यंत एक सरळ हमरस्ता, त्याला काटकोनात छेदणारे दुसरे रस्ते, आणि जिथे ते छेदतात तिथे चौपड. बाजारपेठांत दुकानांसमोर लांबच लांब बरामदे आहेत, वर छप्पर असलेले. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून चालतो, त्यामुळे त्रिपोलिया बाजारात दक्षिणेच्या रांगेचा बरामदा दिवसभर सावलीत राहतो. भर दुपारी निघावंच लागलं, तर एका चौपडीपासून दुसरीपर्यंत मुलाला बव्हंशी सावलीतून नेता येतं. रिसॉर्टच्या हिरवळीवर ही सोय कुठे आहे?

आणि ऊन हा मुलांचा शत्रूच धरून चालायचं असेल, तर मग जंतरमंतर बघायचं तरी कशाला? ते ढगाळ दिवशी बंद पडणारं ठिकाण आहे. तिथे ऊन हेच यंत्र चालवतं.

याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मुलांना काही कळत नाही या म्हणण्याचा निकाल मला इथेच लागलेला दिसतो. जयसिंगांनी दिल्ली, मथुरा, उज्जैन, काशी आणि जयपूर अशा पाच ठिकाणी वेधशाळा उभारल्या. जयपूरची सगळ्यांत मोठी, १७३४ च्या सुमारास पूर्ण झालेली. २०१० पासून ती युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. तिथलं सम्राट यंत्र म्हणजे सुमारे २७ मीटर उंचीची त्रिकोणी भिंत आणि तिच्या दोन बाजूंना संगमरवराची दोन अर्धवट गोल पाखं. भिंतीचा उतार सुमारे २७ अंशांचा, कारण जयपूरचा अक्षांश तेवढा आहे. सकाळी भिंतीची सावली पश्चिमेच्या पाखावर पडते, दुपारी पूर्वेच्या. पाखावर तासांच्या, मिनिटांच्या आणि त्याहूनही बारीक खुणा कोरलेल्या आहेत.

या पाखापाशी मुलाला गाइडच्या भाषणाशिवाय उभं करावं. माझ्या भाचीला मी सावलीची कड दाखवली आणि तिच्यावर नजर ठेव एवढंच सांगितलं. ती वाकून बघत राहिली. सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते, म्हणजे मिनिटाला सहा सेंटिमीटरहून जास्त, मुलाच्या हाताच्या पंजाएवढी. डोळ्यांना ती सरकताना दिसते. घड्याळाचा तासकाटा कधी कोणाला सरकताना दिसत नाही. ‘‘मावशी, ही चाललीय!’’ असं ती ओरडली, आणि पाठोपाठ विचारलं, की सावली चालतेय का सूर्य चालतोय. थोडं थांबून तिनेच सांगितलं, की शाळेत तर पृथ्वी फिरते म्हणतात. म्हणजे आपण फिरतोय आणि ते इथे दिसतंय. सात वर्षांच्या मुलीला हे कोणी समजावून दिलं नव्हतं. तिला फक्त ऊन, एक भिंत आणि घाई नसलेली दहा मिनिटं मिळाली होती.

पुढचा प्रश्नही मुलांकडूनच येतो. यंत्रावरची वेळ आणि बाबांच्या मोबाइलवरची वेळ जुळत नाही. नाताळात यंत्र सुमारे २७ मिनिटं मागे असतं, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दहा-अकरा मिनिटं. कारण आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आणि जयपूर त्याच्या बरंच पश्चिमेला. प्रत्येक अंशाला चार मिनिटांचा फरक. शिवाय वर्षभरात सूर्याची चालही सारखी नसते, म्हणून नोव्हेंबरचा आकडा वेगळा आणि डिसेंबरचा वेगळा. मग खरी वेळ कोणती? हा प्रश्न मुंबईच्या मुलांना तर घरचाच आहे. मुंबईची स्वतःची वेळ होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि ती १९५५ पर्यंत या शहरात वापरात राहिली. शाळेच्या भूगोलात रेखांश आणि स्थानिक वेळ असा एक धडा असतो, मुलं तो पाठ करून परीक्षेत उतरवतात. तो धडा इथे दगडाचा होऊन उभा आहे, पायांखाली.

शेजारी नाडीवलय यंत्र आहे. दोन तबकड्या, एक उत्तरेला तोंड केलेली, एक दक्षिणेला. मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत ऊन उत्तरेच्या तबकडीवर, उरलेलं अर्धं वर्ष दक्षिणेच्या. दिवाळीत गेलात तर उत्तरेची तबकडी दिवसभर अंधारात असते. का, हे मुलांना विचारा आणि गप्प बसा. राशिवलयाची बारा यंत्रं आहेत, प्रत्येक राशीचं एक, आणि आपली रास न माहीत असलेलं मराठी मूल मला अजून भेटलेलं नाही. ती धावत जाऊन आपापल्या राशीपाशी उभी राहतात. १९०१-०२ मध्ये या वेधशाळेची मोठी दुरुस्ती झाली, तिच्यात चंद्रधर शर्मा गुलेरी होते, हिंदीतले पुढचे मोठे कथाकार. तेव्हा ते वीस वर्षांचेही झाले नव्हते.

मुलांना कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतःला विचारावं, आपण त्यांना कळायला वेळ किती दिला? गाडीचे तास मोजत असताना जंतरमंतरच्या वाट्याला येतात पंचवीस मिनिटं, त्यांतली वीस गाइडच्या तोंडपाठ वाक्यांत जातात. यंत्रं एकोणीस-वीस, आणि ड्रायव्हरचा फोन वाजत असतो. अशा वेळी मूल कंटाळलं तर ते शहाणं आहे. मोठी माणसंही कंटाळलेलीच असतात, फक्त ती बोलत नाहीत. परकोट्यात खोली असली की आज तीन यंत्रं बघून निघता येतं आणि हवं तर परवा पुन्हा येता येतं. जंतरमंतर ते हवामहाल पायी दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

मुलांना इतिहास नको असतो, हेही असंच एक सरसकट विधान. त्यांना सनावळ्या नको असतात. सिटी पॅलेसमध्ये चांदीच्या दोन प्रचंड गंगाजळी ठेवल्या आहेत, दहा वर्षांच्या मुलापेक्षा उंच. १९०२ साली सवाई माधोसिंग सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला निघाले, तेव्हा परक्या देशातलं पाणी प्यायचं नाही म्हणून त्यांत गंगाजल भरून बरोबर नेलं होतं. जहाज मुंबईहून सुटलं होतं. एवढं सांगा आणि मुलांचे प्रश्न मोजा. प्रवास किती दिवसांचा? वाटेत पाणी संपलं असतं तर? एवढं मोठं भांडं जहाजावर चढवलं कसं? हवामहालात ९५३ लहान-मोठ्या खिडक्या आहेत आणि वर जायला बहुतेक ठिकाणी पायऱ्यांऐवजी उतार आहेत, त्यावरून धावत जाण्यापासून मुलांना अडवणंच कठीण असतं. जाळीला डोळा लावला की खालचा सगळा रस्ता दिसतो आणि खालच्याला आपण दिसत नाही. राणीवशाने दोनशे वर्षांपूर्वी रस्ता याच खिडक्यांतून पाहिला, हे त्यांना वेगळं समजावून द्यावं लागत नाही. परकोट्याबाहेर पडून रामनिवास बागेत गेलात तर १८८७ साली लोकांसाठी उघडलेल्या अल्बर्ट हॉल संग्रहालयात इजिप्तची खरी ममी आहे. तिच्यापुढून मुलांना हलवायला आईबापांना किती वेळ लागतो, हे तिथल्या कोणत्याही रखवालदाराला विचारा.

आणि एक जागा मराठी मुलांना मुद्दाम दाखवावी, जी बहुतेक सहलींच्या यादीत नसते. त्रिपोलिया बाजारात ईसरलाट नावाचा सात मजली मनोरा आहे, १७४९ चा, ईश्वरीसिंगांनी आपल्या विजयाची खूण म्हणून बांधलेला. वर चढलं की सगळा परकोटा पायांखाली येतो, आखलेल्या वहीसारखा. हे ईश्वरीसिंग जयसिंगांचे पुत्र. भावाभावांच्या गादीच्या भांडणात मराठे उतरले, खंडणी थकली, आणि मल्हारराव होळकरांची फौज चालून येते आहे हे कळल्यावर डिसेंबर १७५० मध्ये ईश्वरीसिंगांनी विष घेऊन जीव दिला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १७५१ मध्ये, परकोट्यात आलेल्या मराठ्यांवर शहर उलटलं आणि मोठी कत्तल झाली. आपल्या पाठ्यपुस्तकांत मराठे अटकेपार जातात. वाटेतल्या शहरांना ते कसे वाटले, हे त्या धड्यात नसतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ते सांगायला या मनोऱ्याच्या माथ्याएवढी योग्य जागा मला माहीत नाही. रिसॉर्टच्या कठपुतळीच्या खेळात हे कोण सांगणार आहे?

आता गर्दी. बडी चौपडवर संध्याकाळी रस्ता ओलांडणं सोपं नाही, लहान मुलाचा हात घट्ट धरावा लागतो, हे खरं. पण पुण्या-मुंबईच्या मुलांना हात धरून रस्ता ओलांडण्याचा सराव जयपूरला जाऊन करायचा नसतो. २०२० पासून मेट्रो थेट छोटी चौपड आणि बडी चौपडपर्यंत जमिनीखालून जाते. रेल्वे स्टेशनहून सामानासकट परकोट्यात यायला रस्त्यावरच्या गर्दीशी संबंधही येत नाही. आणि गर्दी म्हणजे काय, तर माणसं कामं करताना दिसणं. मनिहारोंका रास्ता नावाच्या गल्लीत लाखेच्या बांगड्या होतात. शेगडीच्या धगीवर लाख मऊ होते, कारागीर ती लाकडी फळीवर वळून लांब करते, रंगाची पट्टी वर घासते, गोल करून टोकं जुळवते. मग समोरच्या मुलीला म्हणते, ‘‘हाथ लाओ, बेटा.’’ बोटं जुळवून मनगटाचा अंदाज घेते आणि बांगडी अजून ऊबदार असतानाच लाकडी साच्यावर चढवून तिच्या मापाची करते. सारं मुलीच्या डोळ्यांदेखत. पन्नीगरांच्या वस्तीत हातोड्यांचा एकसारखा ठोका ऐकू येतो. आत माणसं कातडी वह्यांच्या पानांत चांदीचे तुकडे ठेवून तासन् तास ठोकत असतात. पान उघडलं की श्वासानेही उडेल असा वर्ख निघतो. दिवाळीच्या ताटातल्या काजूकतलीवर मुलांनी तो खाल्लेला असतो. त्यामागे एका माणसाचा दुखणारा खांदा असतो हे त्यांनी बघावं, असं मला फार वाटतं. मॉलमधल्या खेळघरात त्यांना हे कधीच दिसणार नाही.

खाण्याची भीती तर दोन ओळींत संपते. समोर तळून निघालेली प्याज कचोरी किंवा एम. आय. रोडवरची मातीच्या कुल्हडातली लस्सी, ही दुपारपासून मांडून ठेवलेल्या बुफेपेक्षा मला मुलांच्या पोटाला जास्त सुरक्षित वाटते. पाणी घरचं किंवा बाटलीचं न्या, उघडं कापलेलं फळ टाळा, बस्स.

उरला आईचा विसावा. हा मुद्दा मी सगळ्यांत गंभीरपणे घेते, कारण तो सगळ्यांत जास्त वापरला जातो आणि सगळ्यांत कमी तपासला जातो. पूलच्या काठावर बसलेली आई विसावलेली असते का? तिचे डोळे पाण्यावर असतात, हातात टॉवेल, मांडीवर दुसऱ्याचे ओले कपडे. पाण्यात मूल असताना तिला पुस्तकाचं पान उलटता येत नाही. रात्री बुफेच्या रांगेत एका हातात स्वतःची ताटली आणि दुसऱ्या हातात मुलाची. गावाबाहेर असल्याने कोणाला काही आणायचं झालं तरी सगळ्यांना गाडीत बसावं लागतं, म्हणून कुटुंब चोवीस तास एकत्र जखडलेलं. परकोट्यात दुपारी बाबा मुलांना घेऊन पतंगांची दुकानं बघायला जाऊ शकतात आणि आई खोलीत दार लावून दोन तास झोपू शकते. किंवा ती एकटी जोहरी बाजारात जाऊ शकते, अर्ध्या तासात परतू शकते. आजी-आजोबा बरोबर असतील तर ते गोविंददेवजींच्या देवळात आपल्या वेळेला आरतीला जाऊ शकतात, सगळ्यांना खोळंबून न ठेवता. हवेल्यांचे जिने उंच असतात, त्यांच्यासाठी तळमजल्याची खोली मागावी लागते, ती आधी फोन करून मागावी. पण प्रत्येकाला आपापल्या पायांनी सुटं होता येणं, हा विसावा फक्त शहराच्या मधोमध मिळतो.

या सल्ल्याची मला खरी चीड येते ती आणखी एका कारणाने. आपली मुलं राहतात गेटबंद संकुलात. शाळेत जातात संकुलाच्या दारात येणाऱ्या बसने. खेळतात पोडियमवर, पोहतात क्लब हाउसमध्ये, वाढदिवस साजरे करतात मॉलमध्ये. वर्षाचे साडेतीनशे दिवस त्यांच्या आणि शहराच्या मधे एक भिंत आणि एक सिक्युरिटी गार्ड असतो. मग सुट्टी लागते, आणि आपण त्यांना बाराशे किलोमीटर नेऊन पुन्हा एका गेटच्या आत ठेवतो, तशाच पूलमध्ये, तसाच पिझ्झा देऊन. वर म्हणतो, मुलांना हेच आवडतं. त्यांना आवडतं, कारण आपण त्यांना दुसरं काही दाखवलेलंच नाही. मुलाची आवड ही काही आभाळातून पडत नाही. ती आपण घडवतो आणि मग तिच्याच आड लपतो. मुलं अनोळखी गल्लीला भितात असं म्हणणारे आईबाप किती वेळा स्वतः त्या गल्लीला भीत असतात?

आणि हे फक्त जयपूरपुरतं नाही. अहमदाबादच्या जुन्या पोळ-वस्त्या, मदुराईच्या मीनाक्षीमंदिराभोवतीच्या गल्ल्या, आपल्याच मुंबईचा फोर्ट, सगळीकडे हाच सल्ला हजर असतो, ऊन आणि मुलं हे दोन शब्द पुढे करून. फोर्टच्या वाटेने रोज लाखो माणसं लोकलने जातात, आणि ठाण्या-डोंबिवलीतली मुलं दहावी होईपर्यंत राजाबाई टॉवर वर मान करून बघत नाहीत.

तेव्हा बेत आखताना सुरुवात हॉटेलच्या फोटोंपासून करू नका. नकाशा उघडा, बडी चौपड शोधा आणि तिच्यापासून मुलाच्या चालीने पंधरा मिनिटांच्या आत येतील अशाच जागांना फोन करा. पूल आहे का, हे विचारू नका. दुपारी खोलीत गार वाटतं का, गच्ची आहे का, मुलांसाठी रात्री साधा वरणभात नाही तर खिचडी मिळेल का, हे विचारा. आमेरसाठी एक सकाळ वेगळी काढा, आठला किल्ल्याच्या दारात हजर राहा, अकराच्या आत परत फिरा, आणि हत्तीवर बसवण्याऐवजी मुलांना चालत चढू द्या. दिवसाची गाडी त्या एका सकाळपुरती. जंतरमंतर, हवामहाल, आमेर आणि अल्बर्ट हॉल मिळून एकच तिकीट निघतं आणि ते दोन दिवस चालतं, त्यामुळे सगळं एका दिवसात कोंबण्याचं कारणही उरत नाही. आणि ट्रॅव्हलवाल्याने पुन्हा हायवेवरच्या रिसॉर्टचं कोटेशन पाठवलं, तर त्याला एवढंच विचारा, की तुमच्या बेतात माझं मूल दुपारी बारा वाजता कुठे असेल. उत्तर परकोट्यातल्या खोलीचं मिळेपर्यंत पैसे भरू नका.